प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

श्रोते हो, नमस्कार.

शिक्षकी पेशात मी नवी होते, तेव्हा चौथीच्या वर्गाचा हजेरीपट माझ्या हाती देताना आधीच्या बाईंनी काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंबे काढून ठेवली होती. ‘ही मुलं जरा ढ आहेत हो, त्यांच्यामागे फार जीव काढू नका,’ असे त्यांनी अगदी मायेने सांगितले होते. त्या टिंबांनी माझे वर्षभराचे शिकवणे किती ठरवले, हे पुष्कळ उशिरा माझ्या ध्यानात आले. अवघड गणित पहिल्या बाकाला आणि फळा पुसणे शेवटच्या बाकाला, अशी वाटणी मी कधी ठरवून केली नव्हती. ती आपसूक होत गेली.

शिक्षकाच्या मनातील समज विद्यार्थ्याच्या प्रगतीपर्यंत पोहोचते का, याचा एक गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केला आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी सुमारे २० टक्के मुलांची नावे निवडून ‘ही मुले यंदा झेप घेतील’ असे शिक्षकांना सांगण्यात आले, आणि वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतील अशा मुलांचे बुद्धिमापन चाचणीतील गुण इतरांपेक्षा अधिक वाढलेले दिसले. या प्रयोगावर पुढे कडक टीका झाली, आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती; वरच्या इयत्तांत तसा ठळक परिणाम दिसलाच नव्हता. १९८४ मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा असे आढळले की, शिक्षक मुलांना जेमतेम आठ-पंधरा दिवसच ओळखत असतील, तरच बाहेरून सांगितलेली अशी माहिती प्रभाव पाडते. वर्ग हाती घेण्याच्या पहिल्याच दिवशी तो हजेरीपट माझ्याकडे आला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्या देशातील एक अभ्यासही सांगण्याजोगा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवर विद्यार्थ्याच्या खऱ्या जातीशी कोणताही संबंध न ठेवता कुठलीही जात लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची समजली जाणारी जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक लहान होता, आणि तो गठ्ठ्यातील सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत अधिक होता, म्हणजे तपासनिसाचा हात बसण्याआधी.

पण गुण देणे ही वर्षातून काही वेळा घडणारी गोष्ट आहे. रोजच्या तासाला समज उतरते ती फार बारीक ठिकाणी. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. आणि ज्यांना ते कच्चे समजत, त्यांच्यासाठी तर त्याहूनही कमी थांबत. ज्याला विचार करायला अधिक वेळ हवा, त्यालाच तो कमी मिळत होता. मग शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवण्यात आले. उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले, गप्प राहणारी मुले बोलू लागली. मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच्या पुढचे: त्या मुलांविषयीचे शिक्षकांचे मतही बदलले. प्रशिक्षणवर्गात ‘प्रत्येक मूल शिकू शकते’ हे वाक्य आम्ही शंभरदा लिहून घेतले आहे, पण त्याने कोणाचे मत बदललेले मी तरी पाहिले नाही.

माझ्या वर्गात मी एकदा ७१५ वजा ९८ विचारले आणि टिंबवाल्या एका मुलीपुढे मुद्दाम थांबले. तिने बोटे मोडली, छताकडे पाहिले आणि म्हणाली, ‘बाई, शंभर काढले, मग दोन परत दिले.’ ती पहिल्या पाचांत कधी आली नाही, भागाकारात तर ती वर्षभर अडखळली. पण हातचा घेण्याची रीत घोकणाऱ्या पहिल्या बाकाला तिची रीत समजावून सांगायला त्या दिवशी मीच तिला फळ्याजवळ उभी केली, आणि या खेपेस तिच्या हाती डस्टर नव्हे, तर खडू होता.

तीन सेकंद फार वाटत नाहीत. मात्र वर्गात उभे राहून मनात एक, दोन, तीन मोजून पाहावे; दोनपर्यंत येईतो पहिल्या बाकावरचे हात ‘मी, मी’ करत पार नाकाशी येतात.