लेझमांच्या खोलीतल्या ताई

(दृश्य : कुलूप उघडणारे हात, लेझमांचा ढीग)

ही क्रीडासाहित्याची खोली. लेझीम, डंबेल्स, हवा गेलेले चेंडू. मंगळवारी सकाळी शिपाईमामा हे सगळं भिंतीला सारतात, दोन खुर्च्या टाकतात आणि पर्वती पायथ्याच्या या महापालिका शाळेत समुपदेशन सुरू होतं. दाराला आतून कडी नाही. म्हणून समुपदेशक ताई स्वतः दाराकडे तोंड करून बसतात. कुणी डोकावलंच तर मुलाची फक्त पाठ दिसते.

(दृश्य : रजिस्टर, जवळून)

नावाच्या रकान्यात नुसता क्रमांक. ‘कोणी पाठवले’च्या खाली बहुतेक ठिकाणी ‘वर्गशिक्षिका’. सहावीतल्या एकापुढे मात्र लिहिलंय, ‘स्वतः’.

ताईंचं मानधन ना महापालिका देते, ना राज्य शासन. एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी एका संस्थेकडे येतो, तिथून ताईंकडे. करार एका वर्षाचा.

(दृश्य : मुख्याध्यापिका बाई, टेबलावर फायली)

मग सरकारी पैसा कुठे जातो? शाळांसाठीची समग्र शिक्षा योजना २०१८ पासूनची. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. दरवर्षी खालून आराखडे जातात, मुंबईत प्राथमिक शिक्षण परिषदेत त्यांची मोट बांधली जाते आणि मंजुरी मिळते दिल्लीत, प्रकल्प मान्यता मंडळात. शाळेच्या हाती येतं संयुक्त शाळा अनुदान. पट २५१ ते १००० असेल, तर निकषाप्रमाणे वर्षाला ७५ हजार रुपये. खडू त्यातच, वीजबिल त्यातच, डागडुजीही त्यातच. वर किमान १० टक्के स्वच्छतेवर. बाई ही वजाबाकी बोटांवर करून दाखवतात. यात माणसाचा पगार कसा बसवणार? त्याला मंजूर पदच लागतं. वर्षातून एकदा भाषण, चहा आणि गटफोटो म्हणजे समुपदेशन नव्हे.

(दृश्य : जिन्याखालची तक्रारपेटी)

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शासनाने तक्रारपेट्यांची पुन्हा सक्त ताकीद दिली. पेटी लागली. चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराशी नंतर बोलायचं कुणी?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आता पगाराचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं सरकारी खातं, शासनाने उघडायचं आहे. शिक्षण आयुक्तालय याच पुण्यात, मध्यवर्ती इमारतीत आहे. फायलीला फार लांब जायला नको.

गेल्या वर्षी कराराचं नूतनीकरण लांबलं. जून ते सप्टेंबर ताई नव्हत्या.

(दृश्य : पालकांची बैठक)

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समिती करते. यंदा त्यात पहिली मागणी पाण्याच्या टाकीची, दुसरी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांची आणि तिसरी ‘समुपदेशक, एक, पूर्णवेळ, मंजूर पदावर’. ‘पूर्णवेळ’ हा शब्द एका आईने आग्रहाने घालायला लावला. सह्या झाल्या, आराखडा वर गेला. पोच मिळाली आहे.