थंडी सरली, आता वेलीकडे बघा

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या पावसाळ्यात हौसेनं लावलेली मधुमालती आता फेब्रुवारीत नुसत्या काटक्या होऊन उभी असेल, तर कुंडी रिकामी करायची घाई करू नका. मधुमालती मूळची उष्ण प्रदेशातली. पुण्याच्या थंडीत ती पानं टाकते आणि गप्प बसते. काडी नखानं जरा खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर वेल जिवंत आहे. तपकिरी लागलं तर आणखी खाली खरवडा. हिरवं लागेल तिथं, डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या काडीवरच्या उंचवट्याच्या, किंचित वर, धारदार कात्रीनं कापा. मधुमालतीला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे ही कात्री तिच्या पथ्यावरच पडते. संक्रांतवेलीला मात्र बहर ओसरल्यावरच कात्री लावायची.

खरी गडबड होते ती पाण्याची. पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा, असे हे दिवस. ऊन तापलं की आपला हात नळाकडे जातो. पण वेलीला पानंच नाहीत, तर पाणी खर्चणार कोण? ते मुळाशी साचतं आणि मुळं कुजतात. आपली काळी माती तर भारी फसवी! वरून भेगाळलेली, आत चिकट ओल. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. पालवी वाढेल तसं पाणी वाढवा.

खतही फूट बोटभर झाल्यावरच. ओंजळभर गांडूळखत, बुंध्यापासून थोडं लांब. युरिया नको, नुसती पानंच माजतात.

कोवळ्या शेंड्यांवर मुंग्यांची ये-जा दिसली, तर पान उलटून बघा, बहुधा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, सापडेल. आधी पाण्याची जोरदार धार मारा, नाहीच हटला तर संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा.

फुटवे सुतळीनं सैल बांधा, तार नको, ती खोडात रुतते. कुंडी गच्चीत असेल तर एप्रिलच्या आत तिच्याखाली दोन विटा सरकवा, तापलेली फरशी मुळं भाजते. मातीवर पालापाचोळा पसरा.

आणि वेल सोसायटीच्या ड्रेनेजच्या पाइपवर तेवढी चढवू नका. दुरुस्तीला आलेला माणूस आधी कोयता चालवतो, मग विचारतो, ‘‘ताई, ही तुमची होती का?’’