अर्धा कोयता

हा धारूरचा घाट. दिवाळी आली की बीड जिल्ह्यातनं ऊसतोडीला असे ट्रॅक्टर निघतात, ट्रॉलीत बघा काय काय भरलंय, पेटी, बाज, कोपीसाठी, म्हंजे झोपडीसाठी ताडपत्री, शेळी, कोंबड्या, आणि या सगळ्यावर लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात.

निघायच्या आधी मुकादमाची उचल, म्हंजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आणि उचल माणसावर नाही, कोयत्यावर मिळते. एक कोयता म्हंजे नवरा-बायको दोघं. एकटा गेला तर अर्धा कोयता, उचल पण अर्धीच. म्हणून पोराचं लग्न लवकर, सून आली की कोयता पुरा झाला. बाई नसेल तर पुरी उचल नाही, पण नोटा मोजून हातात पडतात नवऱ्याच्या, हे आम्ही ज्या तळावर गेलो तिथं बघितलं.

आता हे फडातलं. गडी बुडातनं ऊस तोडतो, मागं बाई पाचट काढते, वाढं छाटते, मोळी बांधते, आणि तीच मोळी डोक्यावर घेऊन या फळीवरनं वर चढते... फळी कशी हलतीय बघा. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. एक दिवस पडून राहिलं की खाडा, पैसे कापले. 2024 ला तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला, वाढला हे चांगलंच झालं, पण तो कोयत्याचा दर, त्यात बाईचा वेगळा हिशोब कुठंच नाही. पाळीत पण खाडा परवडत नाही, आणि 2019 ला सरकारनंच सांगितलं की बीडमधे तीन वर्षांत 4605 बायकांची गर्भपिशवी काढली.

आणि ही पोरगी, पहाटे पाचला डांबरी रोडवर पळतीय. बारावी झालीय, पोलीस भरती करायचीय. 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. 155 सेंटीमीटर उंची लागते, तेवढी भरते. गोळा काही जमत नाही अजून, ते दिसतंयच. आईबाप कारखान्यावर, ही आजीजवळ, धाकटी भगवानबाबांच्या नावाच्या सरकारी वसतिगृहात. अशी वसतिगृहं तालुक्याला एक-दोन असून भागत नाही, अजून पाहिजेत, बारावीनंतरच्या पोरींसाठी तर पाहिजेतच.

हिला दोन स्थळं येऊन गेली, दोन्ही ऊसतोडीतलीच. ती म्हणली आधी ग्राउंड होऊ द्या. बाप म्हणला, पट्टा पडेपर्यंत, म्हंजे हंगाम संपेपर्यंत थांबतो.