हवा नसताना श्वासाचा सराव

(पडद्यावर सोनोग्राफी. करड्या ठिपक्यांमधून एक इवलीशी छाती हलताना दिसते.)

नीट बघा. छाती वर येते, खाली जाते. पुन्हा वर. मग बराच वेळ काहीच नाही.

हे बाळ श्वास घेतंय. पण ते आहे पाण्यात. आजूबाजूला हवा नाही आणि या श्वासातून त्याला प्राणवायूही मिळत नाही. मग हा एवढा खटाटोप कशासाठी?

थोडं मागे जाऊ. गरोदरपणाचे चाळीस आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे बाळ नसतंच. मग एक पेशी तयार होते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. आठवडाभरात ती वाढत वाढत गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, घरात अजून कुणाला पत्ताही नसतो, तेव्हा आत हृदयाची धडधड सुरू झालेली असते.

हात सुरुवातीला वल्ह्यासारखे चपटे असतात. बोटं त्यातून फुटून बाहेर येत नाहीत. मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तिथे फटी पडतात आणि बोटं सुटी होतात. शिल्पकार नको असलेला दगड काढून टाकतो, तसंच.

दहाव्या आठवड्यापर्यंत जेमतेम तीन सेंटिमीटरच्या त्या जिवात सगळ्या मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते. काम मात्र सगळ्यांचं एकदम सुरू होत नाही. फुप्फुसांची पाळी सर्वांत शेवटी येते.

अन्ननलिका जिथे तयार होते, तिथूनच फुप्फुसाचा एक कोंब निघतो. त्याला दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे. झाड वाढावं तशी ही वाढ महिनोन् महिने चालते. तोवर श्वासाचं काम वार, म्हणजे आई आणि बाळाला जोडणारा गर्भाशयातला अवयव, सांभाळते. आईचं आणि बाळाचं रक्त तिथे शेजारून वाहतं, पण एकमेकांत मिसळत नाही. पातळ पडद्यातून प्राणवायू इकडे येतो. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही वेगळं असतं, आईच्यापेक्षा प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं.

आणि तरीही छाती हलत राहते. अकराव्या आठवड्याच्या सुमारास ही हालचाल सुरू होते, मधूनमधून. शेवटच्या तीन महिन्यांत ती दिवसाचा साधारण तिसरा हिस्सा चालते. फुप्फुसं आतून स्वतःच एक द्रव पाझरवतात, त्याने ती ताणलेली राहतात, आणि या ताणामुळे, या हालचालीमुळेच ती वाढतात. गर्भजल फार लवकर आणि फार कमी झालं, तर फुप्फुसं लहानच राहू शकतात. सोनोग्राफीत डॉक्टर गर्भजल मोजतात, त्याचं हे एक मोठं कारण.

पण नुसती वाढ पुरत नाही. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवा आणि सोडवून बघा. फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्याही आतून ओल्याच असतात, श्वास सोडला की त्या मिटून चिकटायला बघतात. त्यांना उघडं ठेवणारा एक स्निग्ध पदार्थ, सर्फॅक्टंट, चोविसाव्या आठवड्याच्या आसपास बनू लागतो. पुरेसा होईपर्यंत पस्तिसावा आठवडा उजाडतो.

(जुनं कृष्णधवल छायाचित्र.)

१९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड या संशोधकांनी दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासाअभावी दगावतात ती हा पदार्थ कमी पडल्यामुळे. कारण कळलं, उपाय मात्र हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या थोडं वर. देशातले उत्तम डॉक्टर धावून आले, पण दोन दिवसांतच बाळ गेलं. आज एवढ्या दिवसांचं बाळ बहुतेक वेळा आईच्या कुशीत घरी जातं. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

हा बदल एका कोकरापासून सुरू झाला. न्यूझीलंडमध्ये डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. गर्भातच संप्रेरक दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं, की ते जगणं शक्यच नव्हतं. पण ते श्वास घेत होतं! लिगिन्स आणि त्यांचे सहकारी रॉस हॉवी यांनी मग मातांना त्याच प्रकारचं संप्रेरक, म्हणजे स्टेरॉइड, देऊन पाहिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजही अवेळी कळा सुरू झाल्या, की आईला ही इंजेक्शनं देतात. १९८० मध्ये जपानच्या डॉक्टर फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून काढलेलं सर्फॅक्टंट थेट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं.

(प्रसूतीची खोली. आवाज हळूहळू वाढतो.)

दिवस भरतात. गर्भात बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जात होतं, त्यातलं बरंचसं हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या एका झडपेतून. आता बाळ बाहेर येतं, तोंड उघडतं आणि छातीत पहिल्यांदा हवा शिरते. आतला द्रव मागे हटतो. फुप्फुसांकडे रक्ताचा लोंढा निघतो, हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि ती झडप मिटते. नाळ अजून ठोके देत असते.

बाळ रडतं. ओठ आणि जीभ गुलाबी होऊ लागतात. हातापायांची बोटं मात्र अजून काही तास निळसरच राहतात.