शहाण्णव तासांत न मेलेला मासा

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रदूषके आणि माशांचे भ्रूण’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपल्याला ऐकून घ्यावी लागेल. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूचीत सांडपाण्यासाठी एक जैवचाचणी सांगितली आहे: निव्वळ सांडपाण्यात मासे सोडावेत आणि ९६ तासांनंतर त्यांपैकी ९० टक्के जिवंत असावेत. ज्या काळात काहीच तपासले जात नव्हते, त्या मानाने नियम चांगलाच म्हणायचा. एका कारखान्यात मला अशी टाकी मोठ्या कौतुकाने दाखवण्यात आली. “बघा साहेब, कसे मजेत पोहताहेत!” असे व्यवस्थापक म्हणाले आणि ते खरेच होते. मासे बोटभर लांबीचे, कल्ले आणि यकृत व्यवस्थित कामाला लागलेले, म्हणजे आत शिरलेल्या विषाची थोडीफार विल्हेवाट लावू शकणारे होते. मी विचारले, “यांची अंडी याच पाण्यात ठेवली तर?” त्यावर साहेबांनी चहा मागवला. त्यांना तरी दोष कसा द्यावा? नियमाने जे विचारलेले नाही, त्याचे उत्तर कोणीही तयार ठेवत नाही.

अंड्यातल्या जिवाजवळ यांपैकी काहीच नसते. कल्ले तयार नसतात, यकृत कच्चे असते आणि तेलात विरघळणारे रेणू अंड्याच्या कवचातून आत येऊन स्निग्ध बलकात साठून राहतात. आपल्या गंगेच्या खोऱ्यातला झेब्राफिश (१८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने त्याचे वर्णन केले आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतो आहे) याचे अंडे काचेसारखे पारदर्शक असते. साधारण चोवीस तासांत त्याची हृदयनलिका ठोके देऊ लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी पुढे सरकताना दिसतात. कच्च्या तेलाचा अंश असलेल्या पाण्यात वाढलेल्या भ्रूणात हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचते, हृदय ताणले जाऊन दोऱ्यासारखे बारीक होते आणि रक्त मागेपुढे हेलकावे खात जागच्या जागी राहते. तरीही तो भ्रूण लगेच मरत नाही, कारण एवढ्या लहान देहाला त्वचेतूनच पुरेसा प्राणवायू मिळतो आणि रक्ताभिसरणावाचून तो काही दिवस तग धरतो. ९६ तासांच्या हिशेबात हा जीव ‘जिवंत’ या रकान्यात जातो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा आता घाईनेच सांगतो. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ जहाज खडकावर आदळून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले आणि पुढच्याच काही आठवड्यांत हेरिंग माशांनी किनाऱ्यालगतच्या समुद्रशैवालावर अंडी घातली. १९९३ मध्ये तिथल्या हेरिंगची संख्या कोसळली. त्याच्या कारणाविषयी वाद अजून आहे, भ्रूणांच्या हृदयाविषयी मात्र तो फारसा उरलेला नाही. संशोधक जॉन इन्कार्डोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मुख्य घाव घालतात ते तेलातले, कार्बन अणूंची तीन वलये जोडून बनलेले हायड्रोकार्बन. २०१४ मध्ये ट्यूनाच्या हृदयपेशींवर काम झाले आणि कारणही कळले: तेलामुळे पेशीबाहेर जाणाऱ्या पोटॅशियमची वाट अडते, कॅल्शियमची ये-जा बिघडते आणि ठोक्याची लय चुकते. ज्या वयात हृदयाचा आकार घडत असतो, त्याच वयात लय चुकली की आकारही चुकतो. पुढच्याच वर्षी असे आढळले की भ्रूणावस्थेत अत्यल्प तेल लागलेले सॅल्मन आणि हेरिंग वरकरणी धडधाकट वाढतात, परंतु त्यांचे हृदय बेढब राहते आणि पोहण्याचा वेग कमी पडतो. समुद्रात अशा माशाचे काय होते, हे मोठ्या माशाला विचारावे.

उपाय काय, हे प्रश्नोत्तरांत घेऊ. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१३ मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांवरची प्रमाणित चाचणी स्वीकारली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण तिच्यातही मृत्यूच्या खुणा चारच मोजतात: अंडे साकळणे, शरीरखंड (ज्यांतून पुढे पाठीचा कणा आणि स्नायू घडतात) न बनणे, शेपूट बलकापासून सुटी न होणे आणि ठोके नसणे. हृदयाभोवती पाणी साचलेला, पण ठोके चालू असलेला भ्रूण या चाचणीतही मेलेल्यांत धरला जात नाही.