दोष जमिनीचा की आपला? मानवी भूगोलातली सव्वाशेहून जास्त वर्षांची भांडणं

नमस्कार श्रोतेहो. एक वाक्य आपण सोलापूरकर येता-जाता ऐकतो आणि बोलतोही, की आपला भागच दुष्काळी, इथं काय होणार. पाऊस कमी, ऊन चाळिशीच्या पुढं, मग पोरं पुण्याला जाणारच, असं म्हणून सगळा हिशेब आभाळावर आणि मातीवर टाकून मोकळं व्हायचं. आज मला ह्याच वाक्याबद्दल बोलायचंय. कारण ह्याच्या मागं एक अख्खी विचारधारा आहे, ती एकेकाळी जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवली जायची, आणि नंतर भूगोलवाल्यांनीच ती खोडून काढली, पण आपल्या बोलण्यातून ती अजून गेलेली नाही.

बारावीला भूगोल घेतलेल्या पोरांना हे माहिती असेल, निश्चयवाद नाहीतर निसर्गवाद, म्हणजे माणसाचं सगळं निसर्गच ठरवतो हा विचार, म्हणून पाठ केलेलं असतं, परीक्षा झाली की विसरतात. सुरुवात जर्मनीत झाली. फ्रेडरिक रॅटझेल हा मूळचा प्राणिशास्त्राचा माणूस, डार्विनचे विचार तेव्हा युरोपभर गाजत होते, त्यानं १८८२ मध्ये मानवी भूगोलावरच्या आपल्या ग्रंथाचा पहिला खंड काढला आणि १८९१ मध्ये दुसरा. त्याचा रोख असा की माणसाचा समाजही निसर्गाच्या परिस्थितीशी जुळवून घेतच वाढतो. रॅटझेल स्वतः तसा सावध होता, पण त्याच्यामागून आलेल्यांनी ती सावधगिरी ठेवली नाही. एलन चर्चिल सेम्पल ही त्याची अमेरिकन विद्यार्थिनी. बाई म्हणून तिला लाइपझिग विद्यापीठात रीतसर प्रवेशसुद्धा मिळाला नव्हता, नुसती व्याख्यानं ऐकायची परवानगी होती, आणि पुढं हीच बाई १९२१ मध्ये अमेरिकन भूगोलतज्ज्ञांच्या संघटनेची पहिली महिला अध्यक्ष झाली. तिच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण १९११ च्या तिच्या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की माणूस म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाची निपज, आणि मग डोंगरातली माणसं अशी, किनाऱ्यावरची तशी, असं सगळं मांडत जायचं.

पुढं येल विद्यापीठातल्या एल्सवर्थ हंटिंग्टननं १९१५ मध्ये हवामान आणि संस्कृती ह्यांचं नातं जोडलं. कुठला प्रदेश किती सुधारलेला हे ठरवायला त्यानं अभ्यासकांना पत्रं पाठवून मतं मागवली, ज्यांची उत्तरं आली ते बहुतेक युरोप-अमेरिकेतलेच, आणि नकाशा तयार झाला तर सगळ्यात पुढारलेले देश कुठले? त्यांचेच. उष्ण प्रदेशातली माणसं मुळात मंद आणि आळशी, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि साम्राज्यवाल्यांना तो फार सोयीचा होता. मे महिन्यात दुपारी दोनला सोलापूरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, त्या खडखडाटात, घामानं भिजून, एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवणारा, तुटलेला धागा क्षणात जोडून पुढं सरकणारा विणकर ह्या माणसानं एकदा बघायला हवा होता. रॅटझेलच्याच 'लेबेन्सराउम' म्हणजे जगण्यासाठीची जागा ह्या कल्पनेचा पुढं नाझींनी कसा वापर केला हे तर जगाला माहिती आहे.

ह्याला उत्तर आलं ते फ्रान्समधून. पॉल विदाल द ला ब्लाश, शिक्षण इतिहासाचं, त्यामुळं माणूस काय काय करत आलाय ह्याकडं त्याचं लक्ष. तो म्हणाला निसर्ग काही हुकूम देत नाही, तो शक्यता समोर ठेवतो, त्यातली कुठली उचलायची ते माणूस ठरवतो. ह्या विचाराला शक्यतावाद हे नाव नंतर इतिहासकार लुसियन फेव्र ह्यानं दिलं, १९२२ मध्ये, तोवर विदाल वारला होता. विदालची मला सगळ्यात आवडणारी कल्पना म्हणजे जीवनपद्धती, त्या त्या भागातल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या माती, पाणी, सवयी, अवजारं, खाणं ह्यांची मिळून बसवलेली घडी.

आता आपल्या मंगळवेढ्याची ज्वारी घ्या. खोल काळी जमीन, पावसाळ्याचं पाणी पिऊन बसलेली. परतीच्या पावसाच्या अंदाजानं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी करायची, आणि मग पुढं आभाळाकडं बघायचंच नाही म्हटलं तरी चालेल, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ही मालदांडी ज्वारी उभी राहते. जमीन तडकते, मुळं उघडी पडतात, म्हणून कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवायची, भेगा बुजवायच्या, ओल उडू द्यायची नाही. मग हुरडा, मग काढणी, धान्य माणसाला आणि कडबा जनावराला, आणि तीच भाकरी महिनाभर टिकेल अशी कडक करून ठेवायची. हे कुठल्या हवामानानं लिहून दिलेलं नव्हतं. तीच माती, तोच पाऊस, त्यात काहीही करता आलं असतं, आपल्या लोकांनी हे केलं. त्याहून जुनं बघायचं तर सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर ह्यांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी घेऊन तळं खोदलं, जिथं आज आपण गड्ड्याच्या यात्रेला जातो. कमी पावसाच्या गावानं काय करायचं ह्याचं उत्तर विदालच्या कितीतरी आधी इथं दिलेलं होतं.

पण शक्यता आहेत म्हणून वाट्टेल ते करता येतं का? इथं ग्रिफिथ टेलर हा माणूस मला फार जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलियात वाढलेला, कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेत भूवैज्ञानिक म्हणून गेलेला. त्या काळात ऑस्ट्रेलियात पुढारी आणि पेपरवाले सांगत होते की आपला देश अफाट आहे, इथं दहा कोटी काय त्याहून जास्त लोक सहज राहतील. टेलर म्हणाला अहो मधला भाग कोरडा आहे, वाळवंट आहे, विसाव्या शतकाच्या अखेरीला साधारण दोन कोटी लोक होतील, त्याच्या फार पुढं जाणार नाही. लोक खवळले, पश्चिम ऑस्ट्रेलियात तर त्याच्या पुस्तकावर बंदी आली, शेवटी १९२८ मध्ये तो देश सोडून शिकागोला गेला. आणि २००० साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या किती होती? एक कोटी नव्वद लाखांच्या आसपास.

त्याच्या विचाराला पुस्तकात 'थांबा आणि पुढे जा' निश्चयवाद म्हणतात. माणूस वेग कमी-जास्त करू शकतो, थांबू शकतो, पण निसर्गानं दाखवलेली दिशा सोडून पळाला तर पुढं जाऊन आपटतो. आता उजनीकडं बघा. भीमेवरचं धरण, १९८० मध्ये पूर्ण झालं, ११७ टीएमसी, त्यातला साधारण ६३ टीएमसी तर मृत साठा, पाणी त्याच्या वर गेलं की प्लस आणि खाली गेलं की मायनस, म्हणून आपल्याकडं पोरगंसुद्धा विचारतं, उजनी प्लसमध्ये आली का? आणि ह्याच पाण्याच्या जोरावर राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत आपण जाऊन बसलो. वर्षभर पाणी पिणारं पीक, सहाशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस असलेल्या भागात. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही, हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या पिकाला आहे सांगा. पण उजनी मायनसमध्ये गेली की आपण पुन्हा पावसालाच नावं ठेवतो, आणि टेलरनं जे सांगितलं ते नेमकं इथंच लागू पडतं. सांगोल्यानं डाळिंब लावून दाखवलं की थांबून, बघून, दिशा ओळखूनही पैसा करता येतो, अर्थात तेल्या रोगानं त्यांचेही हाल केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर भूगोलाला वाटायला लागलं की नुसती प्रदेशांची वर्णनं करून भागणार नाही, आपल्यालाही नियम पाहिजेत, गणित पाहिजे. १९५३ मध्ये नेमकं हेच मागणारा शेफर ह्या भूगोलतज्ज्ञाचा लेख आला, मग अमेरिकेतल्या सिएटलला विल्यम गॅरिसन आणि त्याचे विद्यार्थी कॉम्प्युटर घेऊन बसले, ह्याला संख्यात्मक क्रांती म्हणतात. त्यांना जुनी एक चीज सापडली, वॉल्टर ख्रिस्टालर ह्या जर्मन माणसानं १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीवरून मांडलेला मध्यवर्ती स्थान सिद्धांत, की सपाट प्रदेशात बाजाराची गावं षटकोनी जाळ्यात बसतात, छोट्या गावांवर मोठं, मोठ्यांवर त्याहून मोठं. आपला जिल्हा बऱ्यापैकी सपाट, बार्शी, मोहोळ, अकलूज, करमाळा, आठवडी बाजार धरून नकाशावर मांडून बघा, थोडंफार जमतंही. पण पंढरपूर? तिथं आषाढीला लाखो माणसं येतात ती काय जवळचा बाजार म्हणून येतात? चालत, आठवडे-आठवडे, वाटेतली मोठमोठी शहरं सोडून. अंतर आणि खर्चाच्या गणितात हे बसतच नाही. म्हणून सत्तरच्या दशकात यी-फू तुआनसारखे मानवतावादी भूगोलवाले म्हणाले की जागा म्हणजे नुसता बिंदू नसतो, माणसाचा तिच्यात जीव गुंतलेला असतो, १९७४ चं त्याचं पुस्तक ह्याच जिव्हाळ्यावर आहे. वारकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

आता मला ज्याच्यावर खरं बोलायचंय ते. डेव्हिड हार्वे, १९६९ मध्ये ह्यानंच संख्यात्मक पद्धतीवरचा जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याच सुमारास तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरला शिकवायला गेला, आणि तिथली काळ्या लोकांच्या वस्त्यांतली घरांची अवस्था बघून त्याला कळलं की आपल्या समीकरणांत हा प्रश्नच येत नाही. १९७३ च्या पुस्तकात तो सरळ मार्क्सकडं वळला. शहर असं का दिसतं? कारण पैसा कुठं गुंतवायचा आणि कुठून काढून घ्यायचा हे कुणीतरी ठरवतं. हे आपल्याइतकं कुणाला कळणार? रेल्वे आली, मुंबईचं भांडवल आलं, गिरण्या उभ्या राहिल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, शहराचा पूर्व भाग वसला, चादर जगभर गेली. आणि मग गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले. पाऊस तेव्हाही तेवढाच होता आणि नंतरही तेवढाच. माती बदलली नव्हती. मग सोलापूरचं जे झालं ते हवामानानं झालं असं कसं म्हणायचं?

आणि तरीही ह्या सगळ्या थोरामोठ्यांच्या भूगोलात एक मोठी गफलत होती. १९८२ मध्ये जॅनिस मंक आणि सुझन हॅन्सन ह्या दोघींनी लिहिलं की मानवी भूगोलातून अर्धी माणसं वगळू नका. अर्धी म्हणजे बायका. त्याच्या आधी १९७० मध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन हेगरस्ट्रँडनं काल-भूगोल मांडला होता, की माणूस दिवसभरात कुठं कुठं जाऊ शकतो हे त्याच्या इच्छेवर नाही तर बंधनांवर ठरतं. शरीराची बंधनं, दुसऱ्यांबरोबर वेळ जुळवायची बंधनं आणि अधिकाराची बंधनं, म्हणजे कुठली जागा कुणाच्या हातात आहे आणि ती कधी उघडते. हे दोन विचार एकत्र करा आणि आपल्या पूर्व भागातल्या नाहीतर कुंभारीच्या वसाहतीतल्या विडी कामगार बाईचा दिवस काढून बघा.

सकाळी कारखान्यात माल द्यायला जायचं, ती वेळ मालक ठरवणार. तिथं विड्या तपासून खराब म्हणून बाजूला काढल्या की तेवढी मजुरी गेली. पान आणि तंबाखू घेऊन घरी. पानं भिजवायची, कात्रीनं एका मापात कापायची, सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं, हजार विड्यांचा हिशेब. मध्येच पोराची शाळा, मध्येच स्वयंपाक. आणि त्यातच पाण्याचा दिवस असला तर नळ कधी येईल सांगता येत नाही, म्हणून त्या दिवशी कुठंच जायचं नाही, दवाखाना असो की बँक. तिच्या घरापासून दवाखाना नकाशावर जवळ दिसेल, पण तिच्या दिवसात तो बसत नाही, तर तो तिच्यासाठी लांबच. हे कुठल्याही षटकोनात दिसत नाही. मला विचाराल तर गेल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत भूगोलानं शिकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे.

कॉलेजातली भूगोलाची पोरं-पोरी ऐकत असतील तर त्यांना एक काम सुचवतो. डेट्रॉइटमध्ये विल्यम बंगी हा भूगोलतज्ज्ञ आणि ग्वेंडोलिन वॉरन ही तिथलीच तरुण मुलगी, ह्यांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन स्वतःच्या भागाचे नकाशे केले, आणि १९७१ च्या त्यांच्या अहवालात गाड्यांखाली काळी मुलं कुठं मेली त्याचा नकाशा छापला. उपनगरातून कामाला येणाऱ्यांच्या रस्त्यावरच ते सगळे ठिपके होते. तुम्ही प्रोजेक्टला पुस्तकातला नकाशा उतरवून काढू नका. एक पेठ घ्या, एक झोपडपट्टी घ्या आणि एक नवीन कॉलनी घ्या. तिन्हीकडं घराघरात जाऊन बाईला विचारा, पाणी किती दिवसाआड येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, भरतं कोण आणि त्या वेळात तिचं कुठलं काम राहतं. महिनाभर नोंदी ठेवा, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा. मग ते तिन्ही भाग एकाच नकाशावर रंगवा आणि तो नगरसेवकाच्या टेबलावर नेऊन ठेवा. शहराला पाणी देणारी उजनी तर सगळ्यांची एकच आहे, मग रंग वेगळे का आले हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू दे.