तुघलकाचा टंका आणि माझं पगारपत्रक

नमस्कार. वरून एखादा उलटसुलट आदेश आला की आपण स्टाफरूममध्ये काय म्हणतो? ‘तुघलकी कारभार!’ आणि त्याच तासाला वर्गात जाऊन शिकवतो की महंमद तुघलक लहरी होता, त्यानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तांब्याची नाणी काढली, फसला. लेकरं लिहून घेतात. लहरी. संपला धडा.

मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. मग एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं, ‘मॅडम, तांब्याचं नाणं चाललं नाही, मग कागदाची नोट कशी चालते?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी मी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेले. साध्या वहीच्या कागदाच्या साठ चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर बॉलपेननं माझी सही. एक चिठ्ठी, एक लाडू. मात्र लाडू उद्या मिळतील, आज फक्त चिठ्ठ्या. तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी शंभराच्या वर चिठ्ठ्या आल्या. काहींवरची सही माझ्यापेक्षा सुबक होती! डबा रिकामा, मागच्या बाकांवर ओरडा, आणि ज्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या तीच लेकरं हात हलवत बसलेली.

[स्क्रीनवर: तांब्या-पितळेचा टंका]

आता तुघलकाकडे या. साधारण 1330 च्या सुमारास त्यानं तांब्या-पितळेचा टंका, म्हणजे नाणं, काढला आणि हुकूम केला, हा चांदीच्या टंक्याइतकाच धरायचा. त्यावर मजकूर होता, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. म्हणजे नाण्याला आधार धातूचा नाही, हुकमाचा. ही कल्पना वेडेपणाची नव्हती. चीनमध्ये कुब्लाई खानाच्या कागदी नोटा त्याआधीच चालल्या होत्या. इराणमध्ये 1294 मध्ये तोच प्रयोग करून बघितला आणि तो आपटला. तुघलकाचं चुकलं ते माझ्या सहीचं चुकलं तिथंच. नक्कल करणं सोपं ठेवलं. इतिहासकार बरनी तर लिहितो की घरोघरी टांकसाळी निघाल्या. शेवटी सुलतानानं ही नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी-सोनं दिलं. लाडू कुणाच्या डब्यातले गेले, ते लेकरांना सांगावं लागलं नाही.

एवढं झाल्यावर दहाची नोट उजेडात धरायला लावा. गांधीजींचं जलचिन्ह, आतली तार, बारीक अक्षरं. ही सगळी राजगिऱ्याच्या लाडवांची राखण आहे. दौलताबादला, म्हणजे त्याच देवगिरीला, सहल जाते तेव्हा आपण मेंढा तोफ दाखवतो, किल्ल्यातली अंधारी वाट दाखवतो आणि बसमध्ये बसतो. हे नाण्याचं प्रकरण तिथंच पायऱ्यांवर बसून सांगून बघा.

माझं म्हणणं इतकंच आहे की इतिहासात अर्थशास्त्र शिकवायला वेगळं पुस्तक लागत नाही. पाठात कुणीतरी काहीतरी निवडलेलं असतं. तिथं थांबून विचारायचं, त्याच्यापुढं दुसरं काय होतं, आणि भुर्दंड कुणाला बसला?

आपल्या मराठवाड्यात तर याची साधनं घरातच असतात. पणजोबांच्या पेटीत चारमिनार असलेलं नाणं सापडतं का, विचारा. आमच्या वर्गात दोन निघाली. हा निजामाचा हाली सिक्का. पलीकडं इंग्रजी मुलखात चालायचा तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. लातूर निजामाकडं, बार्शी इंग्रजांकडं, मध्ये सरहद्द आणि करोडगिरीचं नाकं, म्हणजे जकात. मी फळ्यावर गणित घालते: लातुरात पोतं पस्तीस हालीला, बार्शीत एकतीस कलदारला, न्यावं का? आकडे माझे, गणितापुरते. लेकरं पटकन म्हणतात, पस्तीसचे एकतीस झाले, तोटा! मग कुणीतरी पस्तीस हालीचे तीस कलदार करतं, आणि एक कलदार नफा निघतो. मग कुणीतरी विचारतं, ‘गाडीभाडं कोण देणार?’ तिथून बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला आली हा पाठ आपोआप सुरू होतो. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, पण हाली लगेच गेला नाही. तो कायमचा बंद झाला 1959 मध्ये. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात ही गोष्ट मी कधी ऐकली नाही.

आता बहात्तरचा दुष्काळ. यासाठी साधन म्हणजे आजी. प्रश्न मात्र नेमके द्या. ‘दुष्काळ कसा होता?’ विचारलं की ‘लई वाईट होता’ एवढंच येतं. विचारायचं, कामावर कुठं गेलात? हजेरी कोण मांडायचं? पगार किती दिवसांनी व्हायचा? काय खाल्लं? मग सुकडी येते, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) येतो, खडी फोडून हाताला आलेले फोड येतात. एका आजींनी नातीला सांगितलं, ‘दुकानात धान्य व्हतं गं, आमच्याकडं पैसा नव्हता.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं. पीक गेलं की नुसतं धान्य जात नाही, मजुरीही जाते. म्हणून नुसतं धान्य पाठवून भागत नाही, हाताला काम लागतं. त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाचा कायदा आला तेव्हा समोर उदाहरण आपलं होतं.

कामं इतकी कष्टाची का, यावर पोरं भांडतात. उन्हात खडी फोडायला, कमी मजुरीवर, ज्याला खरंच गरज आहे तोच येणार. यादी करायला अधिकारी लागत नाही. आमच्या वर्गात निम्म्यांना हे हुशारीचं वाटलं, निम्म्यांना निर्दयी. मलाही दोन्ही वाटतं.

आणि पैसा कुठून आला? इथं मी माझं पगारपत्रक काढते. मूळ पगाराचा आकडा झाकून हां! कपातीच्या रकान्यात बघा, व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. हा कर 1975 च्या कायद्यानं लागला, तो रोजगार हमीसाठी. पगारदारांनी भरायचा, खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीत जायचा. तुम्ही दर महिन्याला त्या कपातीकडं बघून चरफडता, तेवढाच तुमचा दुष्काळाशी संबंध, असं एकदा स्टाफरूममध्ये म्हणून बघा.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ करायचाय. पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, दोन्ही आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर. माल गाड्यांवर, वाट बिकट. लेकरांना विचारा, महिनाभराच्या वाटेवर ज्वारी नेणार की तलम कापड? तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन मग त्या लहान, नाजूक वस्तू बघा.

जिल्हा गॅझेटिअर नेटवर फुकट आहेत. बाजारभाव आणि पिकांची प्रकरणं तेवढी वाचा, बाकी नंतर. आडत बाजारात सौद्याच्या वेळी दहा पोरं नेली तर हमाली, तोलाई, आडत हे शब्द पट्टीवर, म्हणजे हिशोबाच्या पावतीवर, दिसतात. चाळीस नेऊ नका, मी नेली होती. पोरं भुसार लाइनीत पांगली आणि अर्धा तास मी मोजतच होते.

आजींना विचारायच्या प्रश्नांचा कागद खाली दिलाय. झेरॉक्स काढताना अक्षर मोठं करा, घरी तो बऱ्याचदा आजोबाच वाचतात.